कोंबडीपायी हौद्यात आलेल्या दोन खुर्च्या

छोट्या पिकअपचा उघडा हौदा. त्यात ड्रायव्हरच्या केबिनला पाठ लावून बसवलेल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, तोंड मागच्या बाजूला. डोक्यावर छप्पर नाही, समोर काच नाही. धरायला मुठी आहेत, कमरेला बांधायला पट्टा आहे आणि सिग्नलला गाडी थांबली की मागच्या गाडीच्या ड्रायव्हरशी थेट नजरानजर. फोटो पाहिला की वाटतं, कुणीतरी गॅरेजमध्ये हौसेखातर जुगाड केलंय. पण ही गाडी सुबारू या जपानी कंपनीने रीतसर बनवली आणि १९७८च्या मॉडेलपासून अमेरिकेत शोरूममधून विकली. नाव ब्रॅट. 'बाय-ड्राइव्ह रिक्रिएशनल ऑल-टेरेन ट्रान्सपोर्टर' असं लांबलचक नाव आधी जुळवून मग त्याची आद्याक्षरं घेतलेली.

त्या खुर्च्या तिथे कशासाठी होत्या, याचं उत्तर एका वाक्यात द्यायचं तर: जर्मनांनी अमेरिकेची कोंबडी महाग केली म्हणून. हे ऐकून कुणी थट्टा समजेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कोंबड्या पाळण्याचा धंदा पार बदलला. परसातल्या कोंबड्या जाऊन हजारोंच्या शेड आल्या, खास मांसासाठी वाढवलेल्या जाती आल्या, शीतगृहं आली. चिकन स्वस्त झालं, इतकं की ते गोठवून, जहाजाने अटलांटिकपार पाठवूनही युरोपातल्या चिकनपेक्षा परवडायचं. तोवर युरोपात चिकन म्हणजे सणासुदीचा किंवा रविवारचा बेत. पश्चिम जर्मनीच्या बाजारात ही अमेरिकन कोंबडी धडाक्याने खपू लागली आणि तिथल्या शेतकऱ्यांच्या पोटात गोळा आला.

१९६२ साली फ्रान्स, पश्चिम जर्मनी वगैरे सहा देशांच्या युरोपीय आर्थिक समुदायाने शेतमालाचं सामायिक धोरण लागू केलं आणि बाहेरून येणाऱ्या कोंबडीवर जबर कर बसवला. अमेरिकेची निर्यात कोसळली. प्रकरण इतकं पेटलं की आर्कान्सा या कोंबडीउत्पादक राज्याचे सिनेटर विल्यम फुलब्राइट यांनी नाटोच्या अण्वस्त्रांवरची चर्चा मध्येच तोडून कोंबडीचा विषय काढला. जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर नंतर म्हणाल्याचं सांगतात, की केनेडींशी माझा जो पत्रव्यवहार झाला त्यातला जवळपास अर्धा कोंबड्यांबद्दल असावा. एकीकडे बर्लिनची भिंत, क्यूबातली क्षेपणास्त्रं, आणि टपालात कोंबड्या.

वाटाघाटी फिसकटल्या. नुकसान किती, हे ठरवायला गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराखाली एक समिती नेमली गेली. तिने आकडा काढला २ कोटी ६० लाख डॉलर. एवढ्या किमतीचा दणका अमेरिकेने परत द्यायचा, हे नियमात बसत होतं. केनेडींची हत्या होऊन जेमतेम दोन आठवडे होत होते. नवे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ४ डिसेंबर १९६३ रोजी घोषणा काढली आणि ७ जानेवारी १९६४ पासून चार वस्तूंवर चढं आयात शुल्क लागू झालं: बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि ट्रक. ट्रकवर थेट २५ टक्के.

यात कोंबडी कुठेच नाही हे लक्षात घ्या. वड्याचं तेल वांग्यावर, अगदी शब्दशः. ब्रँडीचा फटका फ्रान्सला बसावा आणि ट्रकचा पश्चिम जर्मनीला, असा हिशेब होता. 'ट्रक' म्हणजे मोठे मालट्रक डोळ्यांसमोर आणू नका. रोख होता फोक्सवॅगनच्या त्या गोलमटोल व्हॅनवर आणि तिच्या पिकअपवर. अमेरिकन मोटार कामगारांचे पुढारी वॉल्टर रूथर यांना या जर्मन गाड्यांची आवक खुपत होती आणि १९६४ हे निवडणुकीचं वर्ष होतं. त्यामुळे कोंबडीच्या भांडणात ट्रक नेमका कसा घुसला, याचं फार आश्चर्य वाटून घ्यायला नको. पश्चिम जर्मनीतून येणाऱ्या अशा गाड्यांची आयात वर्षभरात सुमारे एक तृतीयांशावर आली.

आता जपान यात कुठून आला? गॅटचा एक मूलभूत नियम असा, की शुल्क लावायचं तर सगळ्या सदस्य देशांना सारखं लावा. एकट्या जर्मनीला वेगळा दर लावता येत नाही. मग सुक्याबरोबर ओलंही जळतं. १९६४ साली जपानमधून अमेरिकेत जाणाऱ्या पिकअप अगदीच थोड्या होत्या, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. पुढे डॅटसन आणि टोयोटाच्या छोट्या पिकअप तिथे लोकप्रिय झाल्या, तेव्हा कोंबडीचा हा जुना कर आयताच आडवा उभा होता. बाकीच्या तीन वस्तूंवरचे वाढीव कर यथावकाश उठले. ट्रकवरचा राहिला. लोक त्याला आजही 'चिकन टॅक्स' म्हणतात.

फरक केवढा पडायचा ते बघू. प्रवासी मोटारीवर सत्तरच्या दशकात शुल्क होतं अवघं अडीच-तीन टक्के. समजा, बंदरात उतरलेल्या गाडीची किंमत ४,००० डॉलर. ती 'मोटार' ठरली तर शुल्क सव्वाशेच्या आत. तीच 'ट्रक' ठरली तर १,००० डॉलर. गाडी तीच, चाकं चारच, पण कस्टमच्या फॉर्मवर कुठल्या रकान्यात खूण होते त्यावर ती विकली जाणार की गोदामात पडून राहणार हे ठरायचं. स्वस्त आणि मस्त म्हणून विकायच्या गाडीला हजार डॉलरचा बोजा कसा झेपावा?

अर्थात, जिथे कर तिथे पळवाट. पहिली पळवाट मोठ्या कंपन्यांनी शोधली. पूर्ण ट्रकवर २५ टक्के, पण नुसती केबिन आणि चासी आणली तर ४ टक्के. मग काय, हौदा वेगळा आणायचा, केबिन-चासी वेगळी, आणि अमेरिकेत उतरल्यावर चार बोल्ट आवळून पिकअप तयार. गंमत म्हणजे यात फक्त जपानी नव्हते. शेव्हरोलेच्या नावाने विकली जाणारी 'लव' ही इसुझूची गाडी होती आणि फोर्डची 'कुरियर' माझदाची. ज्यांच्या संरक्षणासाठी कर होता तेच तो चुकवत होते! १९८० साली सरकारने ही वाट बुजवली.

सुबारूला मात्र ती खुली असतानाही उपयोगाची नव्हती, आणि या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे. कारण तांत्रिक आहे, पण कळायला अवघड नाही.

नेहमीच्या पिकअपच्या किंवा टेम्पोच्या खाली लोखंडी तुळयांची मजबूत चौकट असते, तीच चासी. इंजिन, केबिन, हौदा सगळं त्या चौकटीवर बसवलेलं. हौदा काढून टाकला तरी गाडी चालते. केबिन आणि हौदा यांच्यामध्ये फट असते ती त्यामुळेच. मोटारीचं तसं नसतं. मोटारीत वेगळी चौकट नसते. पत्र्याची तळफळी, बाजू, खांब, छत मिळूनच तिचा सांगाडा होतो, पुठ्ठ्याच्या खोक्याच्या भिंती एकमेकींना धरून ठेवतात तसा. ब्रॅट मुळात सुबारूच्या लिओन या मोटारीवर बेतलेली होती. पुढचा भाग, दारं, इंजिन सगळं मोटारीचं. पुढच्या सीटच्या मागे छत संपवलं आणि तिथे हौदा केला. हा हौदा बॉडीचाच भाग. तो सोडवून वेगळ्या पेटीत पाठवायचा म्हणजे गाडीच कापायची.

म्हणजे जी युक्ती चासीवाल्यांना सोपी होती ती इथे अशक्य. मग सुबारूने उलटा विचार केला. मालवाहू गाडी अर्धवट आणता येत नाही ना, मग तिला मालवाहू म्हणूच नका. कायद्याच्या लेखी ट्रक म्हणजे मुख्यतः माल वाहण्यासाठी केलेली गाडी, आणि मोटार म्हणजे मुख्यतः माणसं वाहण्यासाठी केलेली. हौद्यात माणसं बसवली तर? दोन खुर्च्या, डोक्याला टेकू, पट्टे, धरायला मुठी, आणि पायाखाली गालिचा अंथरला की माल ठेवायला जागा तरी कुठे उरते? कागदोपत्री ब्रॅट चार माणसांची मोटार झाली आणि अडीच-तीन टक्के भरून सुटली. दाखवायचे दात असतात तशा या दाखवायच्या खुर्च्या. पुष्कळ मालकांनी त्या काढून टाकल्या आणि हौद्यात गवताच्या गठड्या, लाकडं, मोटरसायकली घातल्या, म्हणजे गाडी मुळात ज्यासाठी होती ते केलं.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. २००६च्या अर्थसंकल्पात भारत सरकारने ४ मीटरपेक्षा आखूड आणि ठरावीक क्षमतेच्या इंजिनाच्या मोटारींचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं. २००८ साली टाटा मोटर्सने इंडिगो ही सेडान शेपटी छाटल्यासारखी आखूड करून 'सीएस' नावाने आणली. नंतर डिझायरचंही तेच झालं. त्या बुडाशी तोडल्यासारख्या दिसणाऱ्या डिक्क्या करखात्याने पट्टी लावून काढलेल्या आहेत. फरक इतकाच, की आखूड डिक्की रोज वापरता येते. ब्रॅटच्या मागच्या खुर्चीत पावसात बसून बघा.

गाडी म्हणून ब्रॅट कशी होती, हे खुर्च्यांच्या गडबडीत राहून जातं. सुबारू तेव्हा अमेरिकेत अगदी चिमुकली कंपनी होती. माल्कम ब्रिकलिन आणि हार्वी लॅम या दोघांनी १९६८ साली तिच्या गाड्या तिथे आणायला सुरुवात केली, आणि पहिली गाडी 'सुबारू ३६०' इतकी बारकी होती की लोक हसायचे. कंपनीचा हात ज्यात बसला ती गोष्ट वेगळीच: साध्या मोटारीला चारही चाकांची ताकद देणं. जपानच्या उत्तरेकडच्या बर्फाळ भागात तोहोकू वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांना तारा तपासायला डोंगरात जावं लागे; जीपमध्ये थंडीने काकडायला व्हायचं. त्यांनी अशी मोटार मागितली जी जीपसारखी चढेल पण आत ऊब राहील. त्यातून १९७२ साली लिओनची चारचाकी ताकदीची स्टेशन वॅगन बाजारात आली. ब्रॅट तिचीच बहीण.

बॉनेट उघडलं की पहिल्यांदा दिसतं ते इंजिन नाही, स्टेपनी! सुबारूचं इंजिन 'बॉक्सर' प्रकारचं, म्हणजे चार सिलिंडर उभे न ठेवता दोन डावीकडे, दोन उजवीकडे आडवे निजवलेले. त्यामुळे इंजिन बुटकं राहतं आणि वर स्टेपनी ठेवण्याइतकी जागा उरते. हौदा मोकळा राहिला, वर इंजिनाचं आणि स्टेपनीचं वजन पुढच्या चाकांवर आलं. एरवी गाडी पुढच्याच चाकांवर चालायची, तेव्हा ते वजन कामी यायचं. चिखल किंवा बर्फ लागला की गिअरच्या शेजारचा दांडा ओढायचा, मग मागची चाकंही ओढू लागत. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र तो दांडा सोडावा लागे. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा थोडी जास्त धावतात. तो फरक पचवणारी यंत्रणा पुढच्या-मागच्या जोडीत नव्हती, त्यामुळे टायर घासत आणि गाडी अडून बसे.

इंजिन सुरुवातीला १.६ लिटरचं, ६७ हॉर्सपॉवरच्या आसपास. म्हणजे जोर बेताचाच. नंतर १.८ लिटरचं आलं, १९८३ला टर्बोही आला. नव्या रूपात छताचे दोन तुकडे काढून ठेवायची सोय झाली. मालवाहू गाडीला उघडझाप छत, हौद्यात खुर्च्या. ही गाडी कामाची की चैनीची, हे तिचं तिलाही ठाऊक नसावं. शेतकरीही घेत आणि सर्फिंगचे फळे घेऊन समुद्रावर जाणारी पोरंही.

तिचे सगळ्यात प्रसिद्ध मालक रोनाल्ड रेगन. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराजवळच्या त्यांच्या डोंगरावरच्या रँचवर १९७८ची एक ब्रॅट होती. ती आजही डागडुजी करून तिथे ठेवलेली आहे. याच रेगन यांच्या काळात, १९८१ साली, जपानने वर्षाला १६ लाख ८० हजारांहून जास्त मोटारी अमेरिकेत पाठवू नयेत अशी मर्यादा ठरली. 'स्वेच्छेने' घातलेली मर्यादा असं तिचं सरकारी नाव; स्वेच्छा किती होती ते सगळ्यांना माहीत होतं. जपानी गाड्यांना लगाम घालणारा अध्यक्ष सुट्टीत जपानी गाडीतून कुंपणाचे खांब तपासायला जात असेल, हे चित्र मला भारी गमतीचं वाटतं.

मोटारीवर बेतलेली पिकअप ही कल्पना सुबारूची नव्हती, हेही इथे सांगायला हवं. ती ऑस्ट्रेलियाची. गिप्सलँड भागातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्डला पत्र लिहिलं, की रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी एकच गाडी द्या. फोर्डमधल्या ल्यू बँट या तरुणाने ती आखली आणि १९३४ साली 'यूट' जन्माला आली. अमेरिकेत फोर्डची रँचेरो १९५७ला आणि शेव्हरोलेची एल कमिनो १९५९ला आली, पण त्या अवाढव्य. आपल्याकडे प्रवास उलट झाला: टेल्कोने १९८८ साली पुण्यात टाटामोबाइल ही पिकअप काढली आणि तिच्यावरून पुढे सिएरा आणि इस्टेट या मोटारी बेतल्या.

ऑस्ट्रेलियाचा उल्लेख आणखी एका कारणासाठी. ब्रॅट तिथेही विकली गेली, 'ब्रंबी' या नावाने. तिथे कोंबडीचा कर नव्हता, आणि तिथल्या ब्रंबीच्या हौद्यात खुर्च्याही नव्हत्या. नुसता मोकळा हौदा. खुर्च्या कुणासाठी होत्या, याचा यापेक्षा चोख पुरावा मिळणार नाही. अमेरिकेत १९८५नंतर खुर्च्या बंद झाल्या आणि १९८७ला ब्रॅटही संपली. ऑस्ट्रेलियात ब्रंबी १९९४पर्यंत विकली जात होती आणि आजही तिथे जुनी ब्रंबी सांभाळून ठेवणारे लोक आहेत. खुद्द जपानमध्ये मात्र ती कधीच विक्रीला आली नाही.

इतरांनी कर चुकवायचे आपापले मार्ग काढले. फोक्सवॅगनने रॅबिट या मोटारीवरची पिकअप थेट पेनसिल्व्हेनियातल्या कारखान्यात बनवली; आयातच नाही तर शुल्क कसलं? मर्सिडीजने तर कमाल केली. जर्मनीत पूर्ण तयार झालेल्या स्प्रिंटर व्हॅन पुन्हा सुट्या करायच्या, पेट्यांत भरून दक्षिण कॅरोलिनात न्यायच्या आणि तिथे परत जोडायच्या. हे कित्येक वर्षं चाललं, कारण सगळा उपद्व्याप करूनही २५ टक्क्यांपेक्षा स्वस्त पडायचा. सुबारूने २००२ साली बाहा नावाने ब्रॅटची नवी आवृत्ती आणली. ती इंडियानात बनायची आणि तिच्या चारही सीट छताखाली होत्या. फारशी चालली नाही. चार वर्षांत बंद. आता फोर्डची मॅव्हरिक आणि ह्युंदाईची सांता क्रूझ या मोटारीच्या सांगाड्यावरच्या पिकअप दिसतात. एक मेक्सिकोत बनते, दुसरी अलाबामात.

खुर्च्यांची युक्ती ब्रॅटबरोबर संपली असं मात्र नाही. २००९पासून फोर्डने, हो, अमेरिकेच्याच फोर्डने, तुर्कस्तानात बनलेल्या ट्रान्झिट कनेक्ट या छोट्या व्हॅन अमेरिकेत आणायला सुरुवात केली. बहुतेक गिऱ्हाइकं प्लंबर, फुलवाले, कुरियरवाले; त्यांना मागे माल भरायला रिकामी जागा हवी. पण जहाजातून प्रत्येक व्हॅन उतरायची ती मागे सीट आणि खिडक्या लावलेली, म्हणजे 'प्रवासी' गाडी. अडीच टक्के भरून कस्टममधून सुटली की बाल्टिमोरमध्ये सीट उचकटायच्या, खिडक्यांच्या जागी पत्रा ठोकायचा आणि व्हॅन मालवाहू करून डीलरकडे पाठवायची. काढलेल्या सीट भंगारात.

२०१३ साली कस्टमने आक्षेप घेतला, आणि पुढे कोर्टात सहा वर्षं शब्दांचा कीस पडला. फोर्डचं म्हणणं, गाडी बंदरात येते त्या क्षणी ती जशी दिसते तशीच मोजा. नंतर आम्ही तिचं काय करतो याच्याशी तुमचा संबंध नाही. युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता आणि खालच्या कोर्टाने तो मानलाही. २०१९मध्ये अपील कोर्टाने मात्र सांगितलं, की त्या सीट कधी कुणी बसावं म्हणून लावलेल्याच नव्हत्या, तेव्हा गाडी कशासाठी वापरली जाणार तेही बघायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये प्रकरण ऐकायला नकार दिला. २०२४ साली फोर्डने ३६ कोटी ५० लाख डॉलर भरून तडजोड केली. चूक कबूल न करता.